डबा रिकामा येत होता

राहात्यात बाळंतिणींना डबा पोचवायचं काम सुरू केलं तेव्हा माझं भांडवल दोनच गोष्टींचं होतं. सासूबाईंच्या हातची डिंकाच्या लाडवांची रीत, आणि यातलं आपल्याला सगळं कळतं हा समज. पहिली गोष्ट अजून उपयोगी पडते. दुसरीने काय काय करून ठेवलं, ते लिहायला बसले आहे.

गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या नव्या इमारती उठल्या, त्यांत बाहेरगावची जोडपी राहतात. कुणी शिर्डीच्या हॉटेलात कामाला, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेवर. पोरीचं माहेर लातूरला नाहीतर जळगावला. तिच्या आईला घरची गुरं आणि शेत टाकून येता येत नाही; आली तरी बारसं उरकून परत जाते. सासू असली तर तिचे गुडघे गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी आणि सव्वा महिना बाजेवर, हा नेम बऱ्याच घरांत आता फक्त बोलण्यात उरलाय. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून बाळंतिणीला फुकट जेवण मिळतं, 2011 पासून. पण साधं बाळंतपण असेल तर 3 दिवस, सिझर असेल तर 7 दिवस. त्यानंतर ती घरी येते, टाके ओढत असतात, बाळ रात्रभर जागवतं, आणि सकाळी उठून कणीक तिनेच मळायची असते. माझा डबा तिथून सुरू व्हायचा.

डबा चांगला होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तूप लावलेली बाजरीची भाकरी, मेथीची नाहीतर शेपूची लसणाची फोडणी दिलेली भाजी, मऊ मुगाची खिचडी, अळिवाची खीर, दोन लाडू, आणि शेवटी ओवा, बाळंतशोप, तीळ भाजून केलेली सुपारी. घोटाळा डब्यात नव्हता. डब्याबरोबर मी जे बोलत होते आणि छापत होते, त्यात होता.

छापलेला कागद मीच लिहिला होता. ‘दूध भरपूर येईल, कंबर भरून येईल, पोट जागेवर जाईल.’ हे मी कुठून आणलं? माझ्या सासूने मला सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत काय म्हणावं नि काय म्हणू नये, यावर 2018 पासून वेगळे नियम आहेत, हे मला नोंदणी काढतानाही ठाऊक नव्हतं. पण नियमाचं राहू द्या. त्यातल्या पहिल्याच वाक्याने एका पोरीचं नुकसान केलं.

पिंपळस रस्त्याकडच्या एका घरी डबा जायचा. बाळ सारखं रडत होतं, वजन वाढत नव्हतं. मी म्हटलं, दूध कमी पडतंय, लाडू वाढवू. लाडू वाढवले. फरक नाही. मग मी आणखी शहाणपण केलं. ती पोर झोपेविना पिवळी पडली होती, तिची दया येऊन म्हटलं, ‘रात्री बाटलीने वरचं दूध दे, तू नीट झोप, नीट खा, आपोआप दूध भरून येईल.’ ती माझ्यावर विश्वास ठेवून तसं करायला लागली. थोड्याच दिवसांत होतं तेही दूध आटत चाललं.

उपकेंद्राच्या सिस्टरबाई तिच्याकडे गेल्या. त्यांनी ना डबा पाहिला ना लाडू. बाळ छातीला लावायला सांगितलं आणि बाजूला बसून नुसत्या पाहत राहिल्या. बाळाने फक्त टोक तोंडात धरलं होतं, भोवतालचा काळा भाग सगळा बाहेर. त्यांनी बाळाला पोटाशी पोट लावून वळवलं, त्याने मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं, मग जवळ घेतलं. बाळ घटघट गिळायला लागल्याचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आला, असं ती पोर मला नंतर म्हणाली.

सिस्टरबाई मला बाजारात भेटल्या तेव्हा त्यांनी फार शांतपणे माझी शाळा घेतली. छाती जितकी रिकामी होते तितकं दूध नव्याने बनतं. रात्री पाजणं तर मुळीच सोडायचं नाही, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. म्हणजे मी नेमकं जे चालू ठेवायचं तेच बंद करायला सांगितलं होतं. मग लाडू कशाला, मी विचारलं. जरा चिडूनच. त्या म्हणाल्या, ‘तिच्यासाठी. तिचं काय उरलंय बघितलंत का?’

पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं आहे. शिवाय जादा प्रथिनं, जादा कॅल्शियम. हे बाहेरून मिळालं नाही तरी दूध बहुतेक वेळा बनत राहतं. शरीर ते आईच्या साठ्यातून काढून देतं. बाळ गुबगुबीत दिसतं, घरचे खूश असतात, आणि आई आतून रिती होत जाते. आपण सगळे बाळंतिणीला खाऊ घालतो ते तिच्या दुधासाठी, गाईला पेंड घालावी तसं. माझा सगळा धंदाच या हिशोबावर उभा होता. त्यामुळे बाळाचं वजन मी दर खेपेला विचारायची, आईचं रक्त किती आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

आणि आपल्याकडे ते विचारण्यासारखं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला. बाळंतपणात आणखी रक्त जातं. म्हणून तर बाळंतपणानंतरही 180 दिवस लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून देतात. या गोळ्यांबाबत माझा पराक्रम असा, की डब्याबरोबर मी आल्याचा चहा थर्मासमध्ये द्यायची आणि ‘गोळ्या चहाबरोबर एकदम घेऊन टाक, विसरायला नको’ म्हणायची. चहाने लोह अंगाला नीट लागत नाही. कॅल्शियम आणि लोहाची गोळीही एका वेळी घ्यायची नसते, दोन तासांचं तरी अंतर हवं. म्हणजे एका वाक्यात मी दोन चुका बसवल्या होत्या. संडास काळी होते म्हणून घाबरून गोळ्या सोडून देणाऱ्या पोरी असतात, त्यांना ‘होते तशी, घाबरू नकोस’ एवढं सांगायला हवं होतं. तेही सांगितलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं.

आता आमच्या गावचीच एक गंमत सांगते. राहात्याचा पेरू लांबलांबच्या बाजारात जातो. पेरूच्या 100 ग्रॅम गरात 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट, आणि त्यामुळे भाजी-भाकरीतलं लोह अंगात नीट शोषलं जातं. घरामागे बाग, अंगणात क्रेट भरून ठेवलेले, आणि घरातल्या बाळंतिणीला पेरूचा तुकडा वर्ज्य. ‘थंड असतो, बाळाला सर्दी होईल.’ ही बंदी मीही अगदी कसून पाळली. एका पोरीने चोरून फोड खाल्ली तेव्हा तिच्या सासूच्या आधी मी ओरडले होते.

पाण्याचंही तेच. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल.’ डिंक, खोबरं, खारीक, तूप, वर पाणी मोजून. भाजी तीही पातळ, पाल्याचा नुसता गंध आलेला. परिणाम काय होणार? ज्या पोरीला खाली टाके आहेत तिला संडासला जायची धास्ती बसते, धास्तीने ती आणखी कमी खाते, मग आणखी कडक होते. एकीने मला सांगितलं, ती दार लावून तोंडात ओढणीचा बोळा धरून बसायची. मला हे ऐकून स्वतःचं बाळंतपण आठवलं. मलाही असंच झालं होतं. मीही कुणाला बोलले नव्हते. आणि इतक्या वर्षांनी तोच पाण्याचा पेला मी दुसऱ्यांच्या पोरींसमोरून उचलत होते. आता डब्यात पालेभाजी पातेलंभर असते, एक फळ असतं, आणि तहान लागेल तितकं पाणी पी, पाजायला बसशील तेव्हा तांब्या हाताशी ठेव, असं सांगते. पोट सुटतं ते पाण्याने नव्हे.

गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि गुळाचे लाडू रोज जात राहिले. बाळंत झालं की साखर गेली असं सगळ्यांना वाटतं. सहा आठवड्यांनी पुन्हा साखर तपासायची असते, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं आणि ती विसरली होती. आठवण करून द्यायला दारात रोज येणारी मी एकटीच बाहेरची बाई होते.

रिकाम्या डब्याकडे येते. डबा धुऊन रिकामा आला की माझा जीव भांड्यात पडायचा. चाटूनपुसून खाल्लं, म्हणजे सगळं ठीक. एका घरी थोरली मुलगी चार वर्षांची होती. एकदा अवेळी गेले तर लाडू ती खात होती, आणि आई भाकरीचा कडेचा तुकडा चावत होती. मी सासूकडे रागाने बघितलं. सासूचा यात काही संबंध नव्हता. आईच म्हणाली, ‘ती समोर बसून बघते काकू. तिच्यादेखत मी एकटीने कसं खायचं?’ अंगणवाडीतून पाजणाऱ्या आईला सहा महिने घरी न्यायला जो आहार मिळतो, त्याचंही घरोघर असंच होतं, एका पिशवीत सगळं घर जेवतं. याला उपाय साधा निघाला. मी डब्यात खिचडी वाढवली आणि एक छोटा लाडू वेगळ्या पुडीत ‘ताईसाठी’ म्हणून बांधायला लागले. खर्च वाढला, पण लाडू आईच्या तोंडात जायला लागले.

दुसरा रिकामा डबा मात्र असा सोपा नव्हता.

ती पोर इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. शिकलेली, गोड बोलणारी. सुरुवातीला डबा अर्धा यायचा, मग जसाच्या तसा. भाकरीवरचं तूप थिजून पांढरं झालेलं, खिरीवर साय, वाटीला चमचाही लागलेला नाही. मला ते मनाला लागलं. हो, मला. मी जिने चढून गेले ते तिची चौकशी करायला नव्हे, जाब विचारायला. ‘इतकं साजूक तूप घालून पाठवते, बायका तरसतात यासाठी. माझ्या हाताला चव नाही का? आणि स्वतःसाठी नको तर त्या बाळाकडे बघून तरी खा.’

ती म्हणाली, ‘हो काकू.’

दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा यायला लागला. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला. मी घरी येऊन मिस्टरांना सांगितलं, जरा दरडावलं की सरळ होतात या पोरी. माझी ती ऐट मला आज आठवली की कानशिलं तापतात.

अन्न ओट्याखालच्या बादलीत जात होतं. कळलं ते आमच्या आशाताईंमुळे. बाळंतपण दवाखान्यात झालं की आशा घरी सहा वेळा येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही नवजात बाळाची घरी येऊन काळजी घ्यायची पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आधी गावांतून करून दाखवली, मग ती देशभर गेली. आशाताई बाळाला बघायला आल्या होत्या. बाळ उत्तम. पण या पोरीला काहीही विचारलं की ती बाळाबद्दलच उत्तर द्यायची. झोप लागते का? ‘बाळ झोपतं.’ जेवलीस का? ‘बाळ पितं.’ आशाताईंना ते खटकलं. त्यांनी नवऱ्याला खाली पाठवलं, दार लोटून घेतलं आणि बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने ती बोलली. घास गिळताच येत नव्हता. खाल्लं नाही तर आपण वाईट आई ठरू म्हणून ती फेकत होती. मी जे जिन्यावरून बोलले होते तेच, शब्द फिरवून.

बाळंतपणानंतर दोन-चार दिवस रडू येणं वेगळं. हे वेगळं होतं, आणि हे फार थोड्यांना होतं असंही नाही. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या आयांचा जो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य आढळलं होतं. चौघींत जवळपास एक. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं, मुलगा हवा असताना मुलगी झाली, ही कारणं त्यात पुढे आली. डबा पोचवायला मी जितक्या घरांत गेले त्यांचा हिशोब त्या दिवशी रात्री मनात घातला. किती जणींना मी ‘नखरे’, ‘माहेरची आठवण’, ‘आजकालच्या पोरींना सहन होत नाही’ म्हणून निकालात काढलं होतं, कोण जाणे.

तिच्यावर उपचार झाले. पाजत असताना चालणारी औषधं असतात, डॉक्टर ती बघून देतात. नवऱ्याने रजा काढली. तिची आई येऊन राहिली. ती सावरली. मी भेटायला गेले तेव्हा माफी मागायचं ठरवून गेले होते. तिने मला बोलूच दिलं नाही, चहा टाकला. आजही रस्त्यात दिसली की बाळाला पुढे करते, ‘काकूंना टाटा कर’ म्हणते. तिने मला माफ केलं की मी तिच्या दृष्टीने तेवढी महत्त्वाचीच नव्हते, मला सांगता येणार नाही. दुसरं असेल तर बरंच आहे.

एक गोष्ट तेव्हापासून बदलली. नव्या घरी डबा सुरू करताना मी पहिल्यांदा आईशी बोलते, सासूशी किंवा नवऱ्याशी नाही. रक्त किती, साखर होती का, रक्तदाब होता का, गोळ्या कोणत्या, टाके दुखतात का, ताप किंवा अंगावरून जाण्याला घाण वास येतो का, रात्री बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का. शेवटचा प्रश्न आशाताईंनी शिकवला. बाळ झोपलं तरी जिला झोप येत नाही, तिच्याकडे जरा जास्त बघायचं. काही वावगं वाटलं तर मी उपदेश करत नाही. आशाताईंना कळवते, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर डब्याच्या झाकणावर चिकटवलेला असतो. झाकणावर यासाठी की ते फक्त तीच उघडते.

ऊसतोडीचंही सांगायला हवं. दिवाळीनंतर आमच्या भागात टोळ्या उतरतात, बीडकडून, पाथर्डीकडून, आणि कारखान्यांभोवती कोप्या पडतात. एका थंडीत मला पुण्य करायची हुक्की आली. लाडवांचा डबा घेऊन एका कोपीवर गेले, तिथे एक ओली बाळंतीण होती असं कळलं होतं. ती कोपीत नव्हती. फडात मोळ्या बांधत होती, बाळ उसाच्या पाचटावर फडक्यात. मी लाडू पुढे केले. तिने घेतले, हात जोडले, आणि म्हणाली, ‘खाईन ताई, बसायला मिळालं की.’ मी तिथे उभी, हातात मोबाइल, फोटो काढायचा म्हणून आणलेला. फोटो काढला नाही, एवढंच काय ते. पंतप्रधान मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळाचे 5000 रुपये तिला मिळाले होते का, मी विचारलं. तिचे कागद गावाकडे होते. तिला हवा होता तो कुणीतरी कोयता थांबवू देणारा, आणि तो माझ्या डब्यात नव्हता. तिच्या कोपीवर मी नंतर भाकऱ्या पोचवल्या, सगळ्या घराच्या, म्हणजे संध्याकाळी तिला चूल पेटवावी लागू नये. त्या घरात तिची चूल वाचणं हेच लाडवांपेक्षा पौष्टिक होतं.

छापील कागद मी बदलला. आता त्यावर फक्त डब्यात काय असतं ते लिहिलंय, आणि कुठल्या बाईला काय चालत नाही ते आधी सांगा, एवढंच. परवा अस्तगावच्या एक बाई आल्या, सुनेसाठी डबा लावायचा म्हणून. कागद उलटसुलट करून पाहिला. ‘यानं दूध वाढंल ना?’ मी म्हटलं, ‘दूध बाळाच्या ओढण्याने वाढतं. डब्याने सूनबाईंच्या अंगात जीव राहील.’ त्यांनी कागद घडी करून परत दिला. मेडिकलमधून दुधाची पावडर घेऊन गेल्या, मोठा डबा, डब्यावर हसरं बाळ.

सुनेला डबा मिळाला नाही. जुना कागद असता तर चार घास तिच्या पोटात गेले असते, हे मला दोन रात्री छळत होतं. मग आशाताईंकडून निरोप धाडला, सासूबाईंनी एकदा माझ्याकडे जेवायला यावं. रविवारी येतो म्हणाल्यात. त्यांच्यासाठी शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, आणि वर पेरूची कोशिंबीर करणार आहे. पेरूवरून वाद होणार, त्याची तयारी ठेवली आहे.